हातभर नळी

भिमाबायच्या गाळ्यासमोर गाडी लावून कुणी नवखा विचारायचा, "मावशी, मिस्त्री कुठे गेलाय?" हातातलं काम न थांबवता ती सांगायची, "भायेर गेलाय. सांजच्याला येल." नवखा बिचारा बाकड्यावर बसायचा. त्याच्यासमोर भिमाबाय दुसऱ्या दोन गाड्यांच्या नळ्या काढायची, नव्या वाकवायची, बसवायची, गाड्या सुरू करून द्यायची, आणि हा आपला रस्त्याकडे डोळे लावून मिस्त्रीची वाट बघत बसलेला. दिवस कलला की ती डिझेलने हात धुवायची, साडीवर चढवलेल्या नवऱ्याच्या जुन्या शर्टाला पुसायची आणि त्याच्यापुढे येऊन उभी राहायची. "आला बगा मिस्त्री. बोला, काय झालाय गाडीला?" मी शेजारीच असायचो. खरं काय ते मला सांगता आलं असतं, पण एवढी चांगली करमणूक फुकट मिळत असताना कोण सोडतो?

सरळगाव मागे टाकून टोकावड्याच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला पत्र्याचे तीन गाळे लागतात. पहिला माझा. मी लोकांचे सरकारी फॉर्म भरून देतो, झेरॉक्स काढतो आणि पासपोर्ट फोटो काढतो. मधला भिमाबायचा होता. तिसरा कायम बंद. तिन्हींचे मालक कर्णिकसाहेब. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन ते टोकावड्याजवळच्या आपल्या आमराईत राहायला आले होते. माणूस सभ्य. कधी आवाज चढवणार नाहीत, पत्रा गळतोय म्हटलं तर स्वतः बघायला येणार. त्यामुळे आम्ही भाडेकरू त्यांना धरून होतो. निदान मी तरी होतो.

भिमाबायचं काम एकच. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल-डिझेल नेणारी जी लोखंडी नळी गाडीच्या पोटाखालून जाते, ती गंजली की काढायची आणि नवी घडवून बसवायची. ब्रेकच्या नळ्याही करायची. इंजिनाला मात्र हात लावायची नाही. त्याचा डॉक्टर येगळा, म्हणायची. आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो आणि गाड्या चिखलात उभ्या असतात, त्यामुळे गंजाला तोटा नव्हता. मुरबाडपासून शहापूरपर्यंतचे टेम्पोवाले तिच्याकडे यायचे. येताना कुरकुरत यायचे, कारण बाई फटकळ होती, पण यायचे.

ती मूळची किन्हवलीकडच्या एका कातकरवाडीतली. लहानपणी दरवर्षी आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची. चौदाव्या वर्षी एके सकाळी भट्टीचा टेम्पो वाडीत आला तेव्हा ही उंबराच्या झाडावर चढून बसली आणि टेम्पो जाईपर्यंत उतरलीच नाही. पुढे आसनगावच्या एका कारखान्यात झाडू मारायला लागली. तिथे फ्रिजच्या पाठीमागे असतात तसल्या नळ्या वाकवायचं काम चालायचं. हिचा झाडू यंत्राभोवतीच जास्त फिरायचा. एक दिवस यंत्रावरचा माणूस आला नाही आणि साहेब फोनवर ओरडत होता, तेवढ्यात हिने झाडू भिंतीला टेकवला आणि दुपारपर्यंत चाळीस नळ्या वाकवून ठेवल्या. त्यातली एकही टाकाऊ निघाली नाही. पुढची नऊ वर्षं ती त्या यंत्रावर होती. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. हिने भंगारात पडलेलं नळ्या वाकवायचं हाताचं जुनं यंत्र मागून घेतलं.

नळी वाकवताना ती चेपू नये म्हणून भिमाबाय तिच्यात वाळू भरायची. काळू नदीची वाळू आणून, उन्हात वाळवून, तीन वेळा चाळलेली. दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकायची आणि मग यंत्राचा दांडा असा काही हळू ओढायची की बघणाऱ्यालाच घाई व्हायची. वाकवून झालं की वाळू काढायची, नळी धुवायची, एक तोंड पाण्याच्या बादलीत घालून दुसरीकडून फुंकायची. वाळूचा एक कण जरी राहिला तरी तो इंजिनात जाऊन बसतो. म्हणून ती बादलीतलं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळायची, फडकं उन्हात धरून बघायची आणि पुन्हा फुंकायची. फडकं पाचदा कोरं निघाल्याशिवाय नळी गाडीला लागायची नाही. तिसऱ्या वेळेला गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, आता बास. ती म्हणायची, तुमी चा पिऊन या.

तिचं नाक तर विचारू नका. रस्त्याने टेम्पो गेला की ही गाळ्यातून ओरडायची, "ओ, डाव्या बाजूनं गलते तुमची!" आणि ड्रायव्हर थांबून बघायचा तर खरंच डाव्या बाजूने थेंब थेंब डिझेल पडत असायचं. ते सगळेच काही खूश व्हायचे नाहीत. एकाने तर तिला सांगितलं, की बाई, तुझ्या घरचं बघ. भिमाबाय म्हणाली, तुझी पेटली तर माझ्या घरापुढंच पेटल.

माझी आणि तिची पहिली चकमक फॉर्मवरून झाली. मुलीच्या शाळेसाठी तिला कसलासा दाखला काढायचा होता. मी फॉर्म भरत होतो. नाव, गाव, जात लिहून झालं, आणि व्यवसायाच्या रकान्यात मी सवयीने 'मजुरी' लिहिलं. तिच्या वाडीतल्या शंभर लोकांचे फॉर्म मी भरले असतील, सगळ्यांच्या पुढे तेच लिहिलं होतं. भिमाबायला वाचता जेमतेम यायचं, पण तेवढा एक शब्द तिला चांगला ओळखू यायचा. तिने बोट ठेवलं आणि विचारलं, हे कुनाचा? मी म्हटलं, अगं सगळे असंच लिहितात, साहेब लोकांना सवय असते. ती म्हणाली, "माझ्या बापाच्या पुढं लिवला, आयच्या पुढं लिवला. माझ्या पुढं नाय लिवायचा. खोडा. मिस्त्री लिवा." मी म्हटलं, खाडाखोड केली तर फॉर्म परत येईल. ती म्हणाली, मंग नवीन फॉर्म घ्या. मी नवीन घेतला. तेव्हापासून त्या रकान्यापाशी आलं की माझं पेन थांबतं आणि मी समोरच्याला विचारतो. हे तिच्यामुळेच, आणि वीस वर्षं मला हे सुचलं नव्हतं याची मला लाज वाटते.

तिचा एक नियम मात्र भल्याभल्यांना जड जायचा. गाडीच्या मालकाने स्वतः गाडीखाली झोपून गंज बघायचा. ड्रायव्हरने नाही, मुलाने नाही, मालकाने. त्यासाठी तिच्याकडे एक गोणपाट होतं, ते ती गाडीखाली पसरून द्यायची आणि हातात बॅटरी द्यायची. कारण विचारलं तर सांगायची, मी सांगितला तर तुमाला वाटल बाई पैशासाठी सांगते. तुमच्या डोल्यांनी बगा, मंग माझ्याशी भांडा. एकदा एक पुढारी आले, अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बरोबर चार माणसं. मुरबाडला सभा होती आणि गाडी वाटेत बंद पडलेली. भिमाबायने गोणपाट पसरलं. माणसं म्हणाली, अगं, कोण आहेत ओळखतेस का? ती म्हणाली, गाडीचे मालक हायत ना? मग? उन्हात दहा मिनिटं सगळे उभे. शेवटी सभेची वेळ झाली आणि पुढारी आडवे झाले. बाहेर आले तेव्हा पाठीवर गोणपाटाची नक्षी उठली होती आणि चेहऱ्यावर गंजाची भुकटी पडली होती. पण एक सांगतो, त्या माणसाने नंतर कुरकूर केली नाही. म्हणाला, खालून गाडी अशी दिसते हे मला माहीतच नव्हतं.

अशी ही बाई, आणि एक दिवस कर्णिकसाहेबांची लाल गाडी तिच्या दारात आली.

गाडी दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, डोक्यावर कापडी छप्पर. शर्यतीत पळायला केलेली परदेशी गाडी, साहेबांनी तरुणपणी हौसेने घेतलेली. तिचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. अकरा वर्षं ती आमराईतल्या शेडमध्ये उभी होती. आता साहेबांच्या मुलीचं, ऋताचं लग्न ठरलं होतं. ती सहा वर्षांची असताना साहेबांनी तिला शब्द दिला होता, की तुला लग्नाला याच गाडीतून नेईन. मुंबईच्या मेकॅनिकने इंजिन सुरू करून दिलं, पण म्हणाला, पेट्रोलच्या नळ्या चाळण झाल्यात आणि त्या या गाडीला आता मिळत नाहीत, बाहेरून मागवायला महिने जातील. लग्नाला सोळा दिवस होते. साहेब गाडी टेम्पोवर चढवून घेऊन आले, कारण त्यांच्याच गाळ्यात नळ्या करणारी बाई होती. भिमाबायने त्यांनाही गोणपाट दिलं. साहेब क्षणभर थबकले, मग चष्मा खिशात ठेवून सरळ खाली शिरले. मला त्यांचं कौतुक वाटलं.

भिमाबायने पहिल्या दिवशी टाकी रिकामी करून उघडी ठेवली आणि नळी काढायला घेतली. नळी काढली म्हणायचं एवढंच, ती तिच्या हातात सात-आठ तुकड्यांत आली आणि उरलेल्याची भुकटी तिच्या केसांत गेली. इथे पंचाईत होती. कारखान्यात नमुन्याची नळी टेबलावर असायची. टेम्पोची जुनी नळी अख्खी निघायची, ती समोर ठेवून तिच्यासारखी नवी करायची. इथे नमुनाच नव्हता. मग तिने माझ्याकडून झेरॉक्सच्या कागदाचं मोठं खोकं घेतलं, उलगडून सपाट केलं, गाडीखाली झोपून ते गाडीच्या पोटाला दाबून धरलं आणि नळीची वाट पेन्सिलने त्यावर काढली. कुठे वळायचं, कुठे वर चढून टाकीला भिडायचं, सगळ्या खुणा केल्या. दोन दिवस खपून त्या चित्रावर ठेवून नळी वाकवली. वर चढायच्या ठिकाणी वर वळवली.

नळी घेऊन ती गाडीखाली गेली आणि बाहेर येईना. मी वाकून बघितलं. नळीची दोन्ही तोंडं, टाकीकडचं आणि इंजिनाकडचं, वर जायच्या ऐवजी खाली जमिनीकडे बघत होती. तिने नळी उलटी फिरवली. तोंडं वर झाली, पण आता डावीकडची वळणं उजवीकडे गेली. चित्र झोपून, खालून बघून काढलं होतं आणि नळी टेबलाशी उभं राहून, वरून बघून केली होती. दोन दिवसांचं काम आणि साडेतीन मीटर नळी वाया. शेजारधर्म म्हणून मी म्हटलं, जाऊ दे, भंगारात टाक, कुणाला कळणार नाही. भिमाबायने ती नळी तारेने गाळ्याच्या दारावर टांगली, येणाऱ्याच्या डोक्याला लागेल अशी. जो तो विचारायचा, हे काय? ती प्रत्येकाला सांगायची, माझी चूक हाय, झोपून बगितला न् उबं राहून केला. टेम्पोवाले हसायचे. मला तर रागच आला. म्हटलं, अगं, साहेब बघतील. ती म्हणाली, "बगू दे. लपवली तर माझा हात पुन्ना तीच चूक करल."

साहेबांनी बघितलंच. तिने त्यांनाही सांगितलं. ते हसले, पण जाताना माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाले, जमेल ना हो हिला? मी म्हटलं, जमेल. आता हे मी तिच्यावरच्या विश्वासाने म्हटलं की गाळ्याच्या मालकापुढे नाही म्हणवत नाही म्हणून, ते माझं मलाच सांगता येत नाही.

दुसरी नळी तिने खोकं आढ्याला उलटं बांधून, त्याच्याखाली उताणी झोपून केली. टेबल वापरलंच नाही. मी रोज चहाला जाताना बघायचो, बाई गाळ्यात जमिनीवर पडलेली, नळी छातीवर, डोळे आढ्याकडे. आठव्या दिवशी नळी गाडीखाली गेली आणि एका झटक्यात जागेवर बसली. कुठे ओढाताण नाही, कुठे फट नाही. अंगाला लागून धावणारी चकचकीत नळी. मी गोणपाटावर झोपून बघितली. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण नीट केलेलं काम कळतं.

आणि मग लग्नाच्या आधीच्या बुधवारी तिला तो तुकडा सापडला. हातभर नळी, पेट्रोलचीच, टाकीच्या डोक्यावरून मागे जाणारी. डोळ्यांनी दिसत नव्हती, बोटांनीच लागायची. टाकी खाली उतरवल्याशिवाय तिच्या जागी नवी बसणार नव्हती. टाकीचे चार बोल्ट गंजून एकजीव झालेले. ते हाताने सोडवायचे म्हणजे तीन दिवस, आणि एखादा तुटून अडकला तर किती दिवस ते कुणी सांगावं. लग्न रविवारी दुपारी मुरबाडच्या कार्यालयात.

साहेब दुपारी आले. त्यांनी मुरबाडच्या एका गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तेवढ्यावर रबराची नळी चढवा, दोन पट्ट्या आवळा, धकून जाईल. साहेबांनी ते भिमाबायला सांगितलं. ती म्हणाली, गंजावर रबर चढवला तर गंज आत खातो, पट्टी सुटते आणि पेट्रोल जातं ते गरम धुराच्या नळकांड्यावर. साहेब म्हणाले, अहो, एका दिवसाचा प्रश्न आहे. सोमवारी तुम्ही सावकाश करा. एवढी वर्षं टिकलाय तो तुकडा, एक रविवार टिकेल.

"टिकला नाय साहेब," भिमाबाय म्हणाली. "गाडी उबी व्हती."

साहेब माझ्याकडे वळले. तुम्ही समजवा, तुमचं ती ऐकते, म्हणाले. माझं ती कधीच ऐकत नसे, पण मी गेलो. भिमाबायने माझा हात धरून गाडीखाली वर घातला आणि बोटं त्या तुकड्यावर टेकवली. म्हणाली, भाऊ, तुमी सांगा. माझ्या बोटांखाली पापुद्रे सुटत होते. नखाने जरा ओरखडलं तर ओलसर भुगा हाताला लागला. मला कळलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. मी बाहेर आलो, हात पुसला आणि म्हटलं, साहेब म्हणतायत तर एक दिवस चालेल बहुतेक. हे वाक्य मी आजपर्यंत मनात हजार वेळा परत घेतलं असेल.

भिमाबायने माझ्याकडे एकदा बघितलं. तिने साहेबांना विचारलं, गाडीत कोन बसनार? साहेब म्हणाले, मी आणि ऋता. मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. माझी मुलगी आहे, मला काळजी नाही का, पण मी तिला शब्द दिलाय आणि तुम्ही बोल्ट तोडून बसलात तर गाडी रविवारी इथेच उभी राहील. गाडी माझी आहे, नळी कुठली ठेवायची ते मी ठरवीन.

हे म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडी त्यांची होती. गाळाही त्यांचाच होता, आणि ते तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं.

भिमाबायने हेक्सा ब्लेड उचललं, एक फडकं बादलीत भिजवलं आणि गाडीखाली गेली. साहेबांना वाटलं, रबर चढवायची तयारी चाललीय. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मग करवतीचा आवाज आला. साहेबांनी वाकून विचारलं, काय करताय? आवाज थांबला नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली, केसांत भुकटी, हातात तो हातभर तुकडा. ती उठून उभी राहिली आणि तो तिने साहेबांच्या तळहातावर ठेवला. साहेबांनी मूठ मिटली तसा तो मुठीतच मोडला आणि आतून तांबडी माती सांडली.

"आता ठेवायला काय ऱ्हायला नाय," ती म्हणाली. "आता टाकी काडूनच नवी बसवायला लागल."

साहेबांनी मुठीतल्या मातीकडे बघितलं. त्यांना दिसलं होतं. पण आयुष्यभर ज्यांचा शब्द लोकांनी झेलला, त्यांच्यासमोर एका बाईने त्यांच्याच गाडीची नळी त्यांना न विचारता कापली होती, आणि त्यांना दिसलेलं पचेना. त्यांनी हात झटकला. "सोमवारी गाळा मोकळा करून पाहिजे मला," ते म्हणाले.

"सोमवारी गाला मोकला," भिमाबाय म्हणाली. "शनवारी गाडी."

गुरुवारी दोन बोल्ट सुटले. पेट्रोलची गाडी असल्यामुळे आग लावून तापवता येत नव्हतं. ती तेल सोडायची, पान्हा लावून अर्धा फेरा फिरवायची, परत मागे घ्यायची, परत तेल. शुक्रवारी सकाळी तिसरा सुटला आणि चौथा तुटला. तुटल्याचा आवाज माझ्या गाळ्यापर्यंत आला. मी उठून गेलो तर ती तशीच पडलेली होती, डोळे मिटून. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, भाऊ, हाताचा ड्रिल आना कुटून तरी. मी माझ्या गाळ्याला कुलूप लावून मोटारसायकलने सरळगावला गेलो आणि ड्रिल आणला. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं चांगलं काम ते तेवढंच. दिवसभर ती उताणी पडून हाताने भोक पाडत होती. लोखंडाचा कीस डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोंडावर माझ्या गाळ्यातली प्लास्टिकची पारदर्शक फाइल बांधली होती. संध्याकाळी टाकी उतरली. शनिवारी सकाळी नवा हातभर तुकडा बसला, पाच वेळा फडकं कोरं निघाल्यावरच.

शनिवारी दुपारी साहेब आले. सरळ गाडीत बसले. दुसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. भिमाबाय गाडीच्या मागे उकिडवी बसून दहा मिनिटं नळीच्या सांध्यांवर कोरं फडकं दाबून बघत राहिली. एकही ओला डाग आला नाही. तिने हात वर केला, साहेब गेले. रविवारी मी लग्नाला होतो. लाल गाडी छप्पर मागे टाकून कार्यालयाच्या दारात आली, साहेब चालवत होते, शेजारी मुंडावळ्या बांधलेली ऋता. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले. साहेबांचे डोळे भरून आले होते. मी जेवलो, जिलबी दोनदा घेतली, आणि दुसरी पानातच ठेवली.

सोमवारी सकाळी भिमाबायचा टेम्पो आला. तिचा नवरा लक्ष्मण सामान चढवत होता. तेवढ्यात साहेब आले, मिठाईचा पुडा घेऊन. त्यांनी तो स्वतः तिच्या हातात दिला. तिने घेतला, पोर सुखाची ऱ्हावो म्हणाली, मनापासून म्हणाली. साहेब घुटमळले. मग म्हणाले, ते गाळ्याचं मी रागाच्या भरात बोललो. तुम्ही जायचं नाही. सामान उतरवा.

भिमाबायने पुडा शर्टाच्या खिशात कोंबला. "मी पन रागातच कापली, साहेब," ती म्हणाली. "कापलेला जोडत नाय. बोललेला पन नाय."

आवाजात राग नव्हता, तुसडेपणा नव्हता. साहेबांनी मान खाली घातली. ते वाईट नव्हते, आणि तिलाही ते वाईट वाटत नव्हते. पण जिथे खरं काम केल्याबद्दल एकदा दार दाखवलं, तिथे ती पुन्हा उभी राहणार नव्हती. शहापूरला बाजारामागे एकाने तिला पत्र्याची शेड द्यायचं कबूल केलं होतं. रस्त्यापासून आत, पुढे उकिरडा. तिथे गिऱ्हाईक येईल का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मी यंत्र उचलायला हात लावला. ते टेम्पोत चढवून झाल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, भिमाबाय, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझ्या बोटांना लागलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर कीव होती म्हणावं तर तीही नव्हती.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तुमचा काय चुकला नाय, भाऊ. तुमाला गाला पायजे व्हता."

ती टेम्पोच्या हौद्यात चढली. लक्ष्मण पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. ती यंत्राला धरून उभी राहिली, तोंड पुढे, सरळगावच्या दिशेला. साहेब आणि मी रस्त्याच्या कडेला उभे. मला वाटत होतं, ती एकदा तरी वळून बघेल. वळणापाशी तिने खरंच मागे वळून बघितलं. पण ते आमच्याकडे नव्हतं. यंत्राला बांधलेली दोरी सैल झाली होती, ती तिने पाय रोवून ओढली, गाठ घट्ट केली आणि पुन्हा पुढे तोंड करून उभी राहिली.